चिपमधली बाई

चिप रीडरमध्ये उलटी बसली आहे हे चिपवाल्याला आधी नाकाने कळलं. डोळ्यांना कळेपर्यंत बोटाला चटका बसला होता, आणि वायर उपटेपर्यंत खोलीभर तो वास पसरला होता, ज्या वासाने या छंदातल्या माणसांचे हातपाय गार पडतात. त्याचेही पडले. तो तसाच वायर हातात धरून उभा राहिला आणि टेबलावरच्या त्या काळ्या वस्तूकडे बघत राहिला.

गल्लीत त्याला चिपवालाच म्हणायचे. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण जीव अडकला होता जुन्या खेळांच्या आणि जुगाराच्या मशीनमध्ये. खेळण्यात नाही हं, नाणं टाकायची तर त्याची छातीच नव्हती. एखादं मशीन भंगारात निघालं की तो तिथे धडपडत जायचा, त्याच्यातली आवाजाची चिप काढून आणायचा, रीडरमध्ये बसवून तिच्यातला सगळा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि आपल्यासारख्याच दूरदूरच्या चार वेड्यांना पाठवून द्यायचा. घंट्या, भोंगे, नाण्यांचा खळखळाट, असलं सगळं. मशीन मोडलं तरी त्याचा आवाज राहावा, एवढंच त्याचं मागणं. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. ती म्हणायची, लोकांचे नवरे काय काय करतात, आमचे चिपा वाचतात, चालायचंच.

आता ही चिप असते बोटाच्या दीड पेराएवढी, दोन्ही बाजूंना पाय असलेली. एका टोकाला बारीकशी खाच असते, आणि ती खाच रीडरच्या खटक्याकडे आली पाहिजे, एवढाच काय तो नियम. उलटी बसवून वीज सोडली की चिप भाजते आणि आतलं सगळं कायमचं जातं. अकरा वर्षांत चिपवाल्याने चारशेच्या वर चिपा वाचल्या होत्या आणि एकही उलटी बसवली नव्हती. पण या चिपेवर कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवून त्यावर पेनने ‘आवाज’ असं लिहिलं होतं, आणि पट्टीखाली खाच झाकली गेली होती. अक्षरं सुलट म्हणजे चिप सुलट, असं धरून चिपवाला मोकळा झाला. चिकटवणाऱ्याने पट्टी उलटी चिकटवली असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आणि उलटी बसायला नेमकी हीच चिप मिळावी? ही हॉलवाल्यांची होती.

हॉलवाल्यांना गल्लीतलं कुत्रंसुद्धा वळसा घालून जायचं. कोपऱ्यावर त्यांचा मशीनचा हॉल होता. तो बंद पडून काही वर्षं झाली होती, आणि आता पाडायला काढला होता. दोऱ्याला नाणं बांधून मशीनला फसवणाऱ्या एकाला त्यांनी कॉलरने उचलून भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं होतं आणि हॉल बंद करायच्या वेळी उतरवलं होतं, अशी हकिकत होती. हकिकत खरी की खोटी हे विचारायची कोणाची टाप नव्हती. चार वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला आणि नुसती कुजबूज उरली. त्याने तर भीती वाढलीच. पूर्वी म्हणे ते ओरडायचे तेव्हा निदान कुठे आहेत ते कळायचं, आता एकदम कानाशीच यायचे. चिपवाला या गल्लीत राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, म्हणजे त्याच्या वाट्याला ही कुजबूजच आली होती.

त्यांच्या हॉलमध्ये एक बोलणारं मशीन होतं. त्यातून एक बाई बोलायची. “या, बसा,” म्हणायची. “हरलात, पुन्हा खेळा,” हे तर इतक्या गोड आवाजात म्हणायची की ते ऐकायला म्हणून लोक पुन्हा हरायचे. तो आवाज हॉलवाल्यांच्या बायकोचा, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा ती बाई वारली. मागे फोटो राहिले, आणि मशीनमधला हा आवाज.

ती मुलगी आता दातांची डॉक्टर होती. एकाच घरातल्या बापालाही लोक घाबरायचे आणि मुलीलाही, फक्त कारणं वेगळी. सोमवारी तिने कापसात गुंडाळलेली चिप आणून दिली आणि म्हणाली, “मशीन आजच भंगारात गेलं. एवढी एकच उरली आहे. यातला आवाज मला हवाय, जसाच्या तसा. रविवारी अकराला येते.” कोणाचा आवाज ते तिने सांगितलं नाही, आणि चिपवाल्याने विचारलंही नाही. असलं कोणी विचारतं का?

तर एका पोरीच्या आईचा जगात उरलेला एकुलता एक आवाज त्याने मंगळवारी सकाळी उलटा बसवून भाजला होता.

त्याने चिप थंड होऊ दिली. पट्टी सोलली, खाच बघितली, पुन्हा बघितली, भिंग लावून बघितली. मग जीव मुठीत धरून सुलट बसवली आणि वीज सोडली. रीडरचा हिरवा दिवा लागला, चिप वाचली गेली. त्याने तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा आकडे जुळले. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने घाम पुसला आणि आवाज लावला.

“याऽऽ. बऽसा,” खोल विहिरीत बसून कोणीतरी बोलावं तसा एक दांडगा पुरुष बोलला. “हरलाऽत.”

बायको लॅबला निघायच्या गडबडीत होती. तिने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आलंय. चिपवाला म्हणाला, कोणी नाही. मग हरलं कोण, असं ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

चिपवाला मटकन खाली बसला. भाजल्यामुळे बाईचा बाप्या झाला होता. असं होत नाही हे त्यालाही कळत होतं. चिप एक तर मरते नाहीतर जगते, तिचा घसा बसत नाही. पण एवढी धास्ती बसल्यावर कोण शहाण्यासारखा विचार करतो? त्याने पुन्हा लावलं. पुन्हा तोच दांडगा “हरलात” म्हणाला, आणि या खेपेला ते थेट चिपवाल्यालाच उद्देशून म्हटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात हॉलवाले होते. आत आले, खुर्चीत बसले, खुर्ची करकरली. मुलीने चिप दिली असं कळलं, निघालं का काही, असं त्यांनी त्या कुजबुजत्या आवाजात विचारलं. चिपवाल्याची बोबडी वळली. अजून थंड होतेय, असं म्हणता म्हणता त्याने ते गिळलं आणि अजून काम चालू आहे असं म्हणाला. हॉलवाल्यांनी नाक वर करून हुंगलं आणि वास कसला म्हणून विचारलं. चिपवाला म्हणाला, इस्त्रीचा. हॉलवाल्यांनी खोलीभर नजर फिरवली. इस्त्री कुठेच नव्हती.

“जुनी चिप आहे,” ते सावकाश म्हणाले. “खराब झाली असेल. झाली असेल तर लपवू नकोस.”

एवढं बोलून ते गेले. चिपवाल्याला त्यातला एकेक शब्द खुंटीसारखा टोचला. त्यांना कळलंय, आणि आपण कबूल होतो की नाही ते बघतायत, असा त्याने अर्थ लावला. दुसरा काय लावणार बिचारा?

बुधवारी ते पुन्हा आले. निघालं का, खराब तर नाही ना झाली, झाली असेल तर सांग, हेच पुन्हा. गुरुवारी चिपवाला घरी थांबलाच नाही. सकाळी सातलाच मागच्या जिन्याने पळाला आणि एका कचेरीच्या लिफ्टच्या टपावर जाऊन काम करत बसला. दोन मजल्यांच्या मधल्या अंधारात त्याला आठवड्यात पहिल्यांदा सुरक्षित वाटलं. तासाभराने वरचं दार थोडं सरकलं आणि फटीतून कुजबूज आली, “निघालं?” पाना हातातून सुटला आणि खाली तळापर्यंत आपटत गेला. हॉलवाले म्हणाले की ते इथे कागदावर सही द्यायला आले होते, सहज चौकशी केली. चिपवाल्याचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला ते खुंटीला टांगतील हे तर आहेच, पण त्या मुलीला काय तोंड दाखवू, असं तो म्हणाला. आई आठवत नाही तिला, आणि जो काही आवाज होता त्याचं मी हे केलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं मशीन होतं, त्याचा वेग चुकला की सगळा रिपोर्ट चुकायचा. त्यामुळे तिला पहिली शंका तीच आली.

“वेग बघितलात का?”

चिपवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. चिपेत नुसते आकडे असतात. ते किती भरभर वाजवायचे हे मशीनच्या आतल्या सर्किटच्या पाटीवरचा दुसराच एक भाग ठरवतो, आणि ती पाटी तर भंगारात गेली होती. त्याने आपला नेहमीचा वेग लावला होता. ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, ते भीतीने साफ विसरला होता. त्याने वेग वाढवत नेला. दांडग्याचा आवाज वर वर चढत गेला, आणि दीडपटीच्या थोडं पुढे एकदम ती बाई बोलली. “या, बसा.” काय गोड बोलली म्हणता! चिपवाल्याने बायकोचे दोन्ही हात धरले. आता मात्र तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि आता मेहरबानी करून जेवा, असं ती म्हणाली.

इथे तो जेवला असता तर बरं झालं असतं. पण अकरा वर्षं नुसते आवाज ऐकून त्याचा कान फार तयार झाला होता. बाईच्या दोन वाक्यांच्या मध्ये मागे काहीतरी टिकटिकत होतं. भिंतीवरचं घड्याळ. आणि ते भलतंच घाईत होतं. त्याने वेग पुन्हा कमी केला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. दांडगा पुरुष बोलत होता तेव्हा मागचं घड्याळ बरोबर सेकंदाला एक टिक करत होतं. मध्येच दांडगा खाकरला, तर ते चांगलं जुन्या विडीवाल्याचं खाकरणं होतं. म्हणजे हाच वेग खरा. चिपेला काहीसुद्धा झालं नव्हतं. तिच्यात बाई कधी नव्हतीच.

मग पस्तीस वर्षांपूर्वी मशीन आलं तेव्हा हॉलच्या मागच्या खोलीत बसून, अशा रेड्यासारख्या आवाजात कोण बोललं असेल? चिपवाल्याच्या अंगावर सरसरून काटा आला. आधी तो चिप जाळली म्हणून मरणार होता. आता जळली नाही म्हणून मरणार होता, कारण अख्ख्या जगात हॉलवाल्यांचं हे गुपित माहीत असलेला तो एकटाच होता. बायको धरून दोघं, पण तिला घाबरायचं माहीतच नव्हतं.

शुक्रवारी त्याने अंगात ताप आहे असं सांगून दार उघडलं नाही. शनिवारी सकाळी बायको लॅबला जायला बाहेर पडली आणि त्याच उघड्या दारातून हॉलवाले आत आले. त्यांनी चिपवाल्याच्या तोंडाकडे एकदाच बघितलं.

“ऐकलंस,” ते म्हणाले.

चिपवाल्याने मान हलवली. नाही म्हणायला हलवली होती, पण ती हो अशी हलली. हॉलवाले खुर्चीत बसले, आणि चिपवाला कॉलरला हात लावून उभा राहिला. पण त्यांनी हात उचलला नाही. ते सांगायला लागले, थांबून थांबून, कारण त्या घशाला एवढं बोलायची सवय राहिली नव्हती. मशीन आणलं तेव्हा त्यात बाईचा आवाज हवा होता. जुगाराच्या हॉलमध्ये बोलायला कोणती बाई येणार? म्हणून ते स्वतःच बोलले आणि कारागिराने वेग वाढवून दिला. मुलगी चार वर्षांची असताना तिने विचारलं, मशीनमध्ये कोण आहे. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, तुझी आई.

“रोज शाळेतून आली की त्याच्यासमोर जाऊन बसायची,” ते म्हणाले. “मग कसं सांगणार होतो?”

ते मुलीला काही बोलू शकत नव्हते, म्हणून चिप खराब व्हावी अशी आशा करत आठवडाभर चिपवाल्याकडे खेपा घालत होते. आता तिने आवाज नेला, एखाद्या हुशार माणसाला ऐकवला, त्याने वेग कमी केला, तर? एवढी वर्षं बापाने फसवलं म्हणून ती तोंड बघणार नाही. त्यांचं एकच मागणं होतं. चिप जळाली, मी जाळली, असं चिपवाल्याने तिला सांगायचं. बोलताना त्यांचे ते फावड्याएवढे हात गुडघ्यांवर थरथरत होते. चिपवाल्याने ते बघितलं, पण तो स्वतः इतका थरथरत होता की त्याला दया करायला फुरसतच मिळाली नाही. तो हो म्हणून बसला.

बायको घरी येऊन हे ऐकल्यावर भडकली. चारशे चिपांत एक जाळली नाही, आणि जी जळली नाही तीच जाळली म्हणून सांगणार? त्या मुलीचं काय? चिपवाला म्हणाला, तू त्यांचे हात बघितले नाहीस. ती म्हणाली, तुम्ही त्या मुलीचं तोंड बघा उद्या. रविवारपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

रविवारी हॉलवाले नऊलाच येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. बरोबर अकराला मुलगी आली, बाप तिथे बसलेला बघून थोडी थबकली आणि समोर बसली. चिपवाला उभा राहिला. बायको स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती.

“उलटी बसली,” तो म्हणाला. “भाजली. काही निघालं नाही.”

मुलगी ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. पण तिने टेबलावरची चिप तळहातावर घेतली. काहीच नाही का, एक शब्दही नाही का, असं हळूच विचारलं, आणि चिपवाल्याने मान हलवली तशी ती तळहाताकडे बघत रडायला लागली. एवढी मोठी बाई, लोकांचे दात उपटणारी, लहान मुलीसारखी रडत होती. चिपवाल्याला स्वतःची एवढी शरम आजवर वाटली नव्हती. पण तोंड उघडायची हिंमत तरीही होत नव्हती.

“लाव,” कोपऱ्यातून कुजबूज आली.

चिपवाल्याने वळून बघितलं. हॉलवाल्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“लाव म्हणतो ना. जळली नाही ती.”

चिपवाल्याने कॉम्प्युटरला हात घातला. निदान बाईचा तरी लावू, बापाची अब्रू वाचेल, म्हणून त्याने वेग वाढवून लावला. “या, बसा,” बाई म्हणाली. “हरलात, पुन्हा खेळा.” मुलीने डोळे पुसत ते ऐकलं. मग मान हलवली.

“हा नको,” ती म्हणाली. “हळू लावा. बाबांचा.”

खोलीत दोन पुरुष होते, दोघांचाही श्वास अडकला. मुलगी बापाकडे न बघता, चिपेशी बोलावं तसं बोलत राहिली. ती दहा वर्षांची असताना एका दुपारी मशीन तापून मंद झालं होतं आणि बाबांच्या आवाजात “या, बसा” म्हणालं होतं. बाबा बाहेर गेले होते. तिने मशीन बंद केलं, पंखा लावला आणि ते गार होऊन पुन्हा बाईच्या आवाजात बोलेपर्यंत तिथेच बसून राहिली.

“कोणाला सांगितलं नाही,” ती म्हणाली. “म्हटलं, बाबा घाबरतील.”

हॉलवाले खुर्चीत एवढेसे झाले होते.

“आई कशी बोलायची ते मला माहीतच नाही, आणि ते आता कुठे मिळणारही नाही. पण तुमचा आवाज मला माहीत होता, बाबा. फोनवर तुम्ही ‘हं’च्या पुढे कधी बोलला नाहीत, कशात रेकॉर्ड झाला नाहीत. चार वर्षं झाली. आता मी विसरायला लागलेय.”

चिपवाल्याने वेग कमी केला. दांडगा पुरुष बोलायला लागला आणि मुलीने डोळे मिटले. हॉलवाले मात्र डोळे विस्फारून ऐकत होते, कारण हा आवाज त्यांनीही चार वर्षांत ऐकला नव्हता. तेवढं वाजून झाल्यावर मुलीने विचारलं, आणखी काही आहे का. चिपवाला म्हणाला, अगदी शेवटी एक तुकडा आहे, भीतीपायी तिथपर्यंत मी पोचलोच नाही. त्याने तो लावला.

“अभिनंदन!” दांडगा म्हणाला. “मोठं बक्षीस! सगळं तुमचं!” आणि लगेच मागे एक लहान मूल खिदळलं. चांगलं पोट धरून खिदळलं. मग तोच आवाज, पण तोंड दुसरीकडे वळवून, अगदी मऊ झालेला, “अगं, हसू नकोस ना. बाबाला परत बोलावं लागेल.” मूल आणखी जोरात हसलं, आणि चिप संपली.

मग मुलीने विचारलं की एवढी वर्षं त्या मशीनसमोर बसले, हे एकदाही कसं ऐकलं नाही.

हॉलवाल्यांनी मान खाली घातली. “ते मोठ्या बक्षिसाचं आहे,” ते कुजबुजले. “मी कधी कोणाला लागूच दिलं नाही.”

मुलीने त्यांच्याकडे रोखून बघितलं, आणि तो गल्लीभर दरारा असलेला माणूस चक्क खुर्चीत मागे सरकला.

“मग आज लागलं,” ती म्हणाली, आणि खुर्ची त्यांच्या शेजारी ओढून घेऊन तिने चिपवाल्याला पुन्हा लावायला सांगितलं.